ब्रेक ऑइलची पातळी उतरते, पण गळती सापडत नाही: नेमके काय तपासावे?

गिरणाथडी (चाळीसगाव)

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम आहेत, एबीएस नाही. गेल्या अडीच महिन्यांत ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी तीन वेळा खालच्या रेघेच्या जरा खाली गेली. तिन्ही वेळा हँडब्रेक पूर्ण सोडलेला असताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, म्हणून ते माझ्या लक्षात आले. डबी पूर्ण रिकामी मात्र कधीच झाली नाही. दरवेळी पातळी जवळपास त्याच ठिकाणी येऊन थांबते.

गाडी जिथे उभी असते, तिथे फरशीवर एकही डाग नाही. ब्रेक लागतात, पेडल खाली जात नाही. गावातील मिस्त्रींनी पहिल्या दोन्ही वेळा डबी भरून दिली आणि "जुनी गाडी थोडे ऑइल खातेच" असे सांगितले. तिसऱ्या वेळी मी गाडी त्यांच्याकडे नेली नाही, कारण हे उत्तर मनाला पटत नव्हते.

आईला दर महिन्याला डोळ्यांच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. जाताना कन्नडचा घाट चढायचा आणि संध्याकाळी तोच उतरायचा. पुढची तारीख १२ दिवसांवर आहे. ऑइल जाते कुठे, हे घरच्या घरी किती प्रमाणात शोधता येईल आणि गॅरेजमध्ये नेमके काय तपासून घ्यावे, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझरातीर (धुळे)

मी २६ वर्षे हेच काम करतो आहे, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. इंजिन थोडेफार ऑइल जाळू शकते, पण ब्रेक ऑइल कुठेही जळत नाही आणि गाडी ते "खात" नाही. पातळी उतरण्याची कारणे दोनच. एक तर पुढचे पॅड झिजले, की कॅलिपरमधला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातला) पिस्टन त्या प्रमाणात बाहेर येतो, त्याच्या मागे जास्त ऑइल साठते आणि डबीत तेवढे कमी होते. ही घट अतिशय सावकाश होते, तिला हजारो किलोमीटर लागतात. दुसरे कारण म्हणजे गळती. अडीच महिन्यांत तीन वेळा डबी भरावी लागली असेल, तर तो पॅडच्या झिजेचा हिशोब होऊ शकत नाही.

डबी भरत राहण्यात आणखी एक तोटा आहे. झिजलेल्या पॅडवर वरच्या रेघेपर्यंत ऑइल भरले आणि नंतर नवे पॅड बसवले, तर पिस्टन मागे ढकलताना जादा ऑइल डबीतून बाहेर सांडते. ज्या रंगावर ते पडते तो रंग उकलतो. चुकून सांडलेच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

घरी करण्याजोगे सांगतो. डबीवर चिकटपट्टीची बारीक पट्टी लावून आजची पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवा. रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा पसरा आणि चार चाकांच्या जागा त्यावर खडूने आखा. सकाळी चारही टायरच्या आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पोटाकडच्या बाजूला, हात फिरवून पाहा. गळती पुष्कळदा जमिनीवर पडत नाही, ती टायरच्या आतल्या भिंतीवरून ओघळते आणि धुळीत जिरते. तिथे ओलसर, काळी, चिकट धूळ दिसली, तर त्या चाकाकडे बोट गेले असे समजा.

तापीकाठ (भुसावळ)

माझ्या गाडीत हेच झाले होते आणि दोष मागच्या डाव्या चाकाच्या व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे ड्रमच्या आत लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरमध्ये निघाला. जमिनीवर माझ्याकडेही एक थेंब नव्हता. ड्रमच्या आत जे गळत होते ते लायनरच्या भुकटीत मिसळून चिखलासारखे झाले होते. ओले लायनर घासून पुन्हा वापरू नका, असे तेव्हाच्या मिस्त्रींनी बजावले होते आणि ते खरे निघाले. माझ्या शेजाऱ्यांनी ते सॅंडपेपरने घासून बसवले, तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढू लागली. ऑइल एकदा लायनरमध्ये मुरले की ते बाहेर येत नाही. लायनर बदलायचे ते दोन्ही चाकांचे, जोडीनेच.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हात अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर सुकते, कडक होते, अशी माझी समजूत आहे. जाणकारांनी चूक असल्यास दुरुस्त करावी.

पांझरातीर (धुळे)

तापीकाठ, तुमचे निरीक्षण बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो. उन्हाने बाहेरचे ब्रेक होज, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या लवचिक रबरी नळ्या, लवकर चिरतात. व्हील सिलिंडरच्या आतील रबर मात्र बहुधा गंजामुळे खराब होते. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेते, ते पाणी हळूहळू सिलिंडरच्या तळाशी गंज धरते, त्या खडबडीत भागावर रबर घासले जाते आणि झिरपा सुरू होतो. म्हणूनच आत गंजाचे खड्डे असलेल्या सिलिंडरमध्ये नुसते नवे किट (रबरी सीलचा संच) टाकले, तर ते काही महिन्यांतच पुन्हा गळते. खड्डे दिसले तर सिलिंडरच बदलावा.

आणि एक धोक्याची सूचना. ड्रम काढलेला असताना कुणीही ब्रेकचे पेडल दाबू नये. दाबले तर सिलिंडरचे दोन्ही पिस्टन निसटून बाहेर पडतात आणि नसलेली गळती निर्माण होते.

सातपुड्याची_वाट (शहादा)

गळती सापडेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. आईंसाठी एसटी किंवा भाड्याची गाडी करा. बाकीची चर्चा त्यानंतर.

रावेरची_वाडी (रावेर)

मी केळी उत्पादक आहे आणि माझा अनुभव वेगळ्या भागाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आमची जुनी जीप आम्ही अनेक वर्षे बागेत खत नेण्यासाठी वापरली. केळीला पोटॅश भरपूर लागते आणि आम्ही वापरतो ते म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. लोखंडाला ते मिठासारखेच खाते. फाटक्या गोणीतून सांडलेले खत मागच्या पत्र्याच्या फटीतून खाली जात असे, पावसाळ्यात ते ओले होई, आणि जीपच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी नेमकी त्याच जागेखालून गेलेली होती. वरून ती फक्त तांबूस दिसत होती. एके दिवशी बांधावर अचानक बैल आडवा आला म्हणून मी जोरात ब्रेक दाबला आणि नळी क्लॅम्पखाली फुटली. वेग जेमतेम १५ होता, म्हणून बैल वाचला आणि मीही.

त्यातून मी दोन गोष्टी शिकलो. नळी नेहमी क्लॅम्पच्या खाली कुजते, कारण तिथे चिखल साठून राहतो आणि तो भाग कधी दिसत नाही. आणि कमजोर झालेली नळी रोजच्या हलक्या ब्रेकला टिकते, पण जेव्हा जीव तोडून ब्रेक दाबावा लागतो तेव्हाच फुटते, कारण तेव्हाच आतला दाब सर्वात जास्त असतो.

त्या वेळी एकाने मला एसीची तांब्याची नळी जोडून देतो असे सांगितले होते. मी ऐकले नाही, ते बरे केले का?

पांझरातीर (धुळे)

अगदी बरे केलेत. साधे तांबे सततच्या कंपाने कडक होते आणि त्याला चिरा पडतात. ब्रेकसाठी त्याच कामाची पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्यावी, तिच्या टोकाला दुहेरी फ्लेअर (दुमडून पसरवलेले तोंड) असावा आणि मधे कुठेही झाळकाम करू नये. पेडलवर पायाने जो जोर पडतो, तो नळीत कितीतरी पटीने वाढलेला असतो. झाळलेला सांधा तो सोसत नाही.

गिरणाथडी (चाळीसगाव)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सातपुड्याची_वाट, आपला सल्ला मानला. पुढच्या तपासणीसाठी भाड्याची गाडी ठरवून टाकली आहे. आईलाही तसे सांगितले, तेव्हा तिने "आधी ब्रेक, मग डोळे" असे म्हणून विषय संपवला.

चार रात्री पुठ्ठा ठेवला. त्यावर एसीच्या पाण्याचा एक डाग पडला आणि सुकून गेला, दुसरे काही नाही. चारही टायर आतून कोरडे आहेत. मागचे दोन्ही ड्रम एका ओळखीच्या मिस्त्रींकडून उघडून घेतले. सिलिंडरवरचे रबरी टोप किंचित उचलून पाहिले, आत कोरडे आहे. पुढचे पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक आहेत. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंतच्या नळ्या कोरड्या आहेत. या काळात ११० किलोमीटर गाडी फिरली आणि पातळी चिकटपट्टीच्या साधारण अर्धा सेंटिमीटर खाली आली. म्हणजे ऑइल नक्कीच जाते आहे.

खानदेशी_अभियंता (जळगाव)

मग ते बूस्टरमध्येच, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या पोकळ डब्यातच जात आहे. मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरचे, मागचे सील गेले, की ऑइल बाहेर न पडता सरळ बूस्टरच्या पोटात उतरते आणि बाहेरून सगळे कोरडे दिसते. पुढे ते पोकळी निर्माण करणाऱ्या नळीवाटे इंजिनात ओढले गेले, तर सायलेन्सरमधून पांढरा धूरही येतो. शिवाय एक सोपी चाचणी आहे: पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करावे, पेडल खाली गेले तर मास्टर सिलिंडर खराब आहे. आपण ती करून पाहावी.

पांझरातीर (धुळे)

आपल्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, ती शक्यता आता वरच्या क्रमांकावर आली. चाचणीविषयी मात्र मतभेद नोंदवतो, कारण ती वाचून कुणीतरी चांगला मास्टर सिलिंडर बदलून टाकेल.

इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. त्या क्षणी पेडल थोडेसे खाली जायलाच हवे. बूस्टर काम करतो आहे याची ती खूण आहे, बिघाडाची नाही. मास्टर सिलिंडरची परीक्षा त्यानंतर सुरू होते. इंजिन चालू ठेवून पेडलवर एकसारखा मध्यम दाब मिनिटभर धरून ठेवायचा. पेडल एका जागी ठाम राहिले तर ठीक. ते पायाखालून हळूहळू बुडत गेले, आमच्याकडचे गिऱ्हाईक सांगते तसे "पेडल खाले जास", तर एक तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतील सील दाब धरत नाही. आतले सील गेले असेल तर डबीतील पातळी उतरत नाही, ऑइल आतल्या आत इकडून तिकडे फिरते. पातळी उतरत नाही म्हणून गळती नाही असे म्हणून लोक निवांत राहतात, आणि एक दिवस सिग्नलला उभी असलेली गाडी पुढच्या गाडीला जाऊन टेकते.

बूस्टरमध्ये ऑइल जाते का हे पाहण्यासाठी मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून, नळ्या न उघडता, तो बोटभर पुढे ओढून त्याच्या मागच्या तोंडाला कोरडे फडके लावावे. हे काम गॅरेजमध्येच करावे, कारण नळी वाकली तर नवे दुखणे.

गिरणाथडी (चाळीसगाव)

पेडल मिनिटभर धरले, दोन वेळा. जागचे हलले नाही. सायलेन्सरला धूर नाही. मास्टर सिलिंडर उद्या पुढे ओढून पाहणार आहोत.

नवापूर_नाका (नवापूर)

दरम्यान एक उपाय सुचवतो. आमच्या भागातले काही ट्रकवाले अडचणीच्या वेळी ब्रेकच्या डबीत पॉवर स्टिअरिंगचे ऑइल किंवा साधे इंजिन ऑइल घालतात आणि मुक्काम गाठतात. माझ्या मामांनी एकदा कोंडाईबारी घाटात असेच केले होते आणि ते सुखरूप पोहोचले. नाइलाज झाला तर हे चालेल का?

पांझरातीर (धुळे)

कृपया नको, आणि हा सल्ला पुढे कुणालाही देऊ नका. ब्रेकचे रबर ग्लायकॉलवर आधारलेल्या ऑइलसाठी बनवलेले असते. खनिज तेल लागले, की ते फुगते, मऊ पडते आणि त्याचा आकार बिघडतो. मामा पोहोचले याचे कारण रबराला फुगायला वेळ लागतो. दोन-तीन दिवसांनी ब्रेक जाम होतात किंवा सगळीकडून गळू लागतात, आणि मग मास्टर सिलिंडर, होज, कॅलिपर, व्हील सिलिंडर असे ज्यात ज्यात रबर आहे ते सगळे बदलावे लागते. पाणीही घालू नये. ते १०० अंशांना उकळते आणि घाटात ब्रेक त्याहून कितीतरी जास्त तापतात.

कोणते ऑइल घालायचे ते डबीच्या झाकणावरच लिहिलेले असते. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच जातीची आहेत. डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते, नाव जवळचे असले तरी ते यांच्यात मिसळत नाही आणि आपल्या गाडीत घालायचे नाही. डबा सीलबंद असावा. वर्षभर उघडा राहिलेला अर्धा डबा कितीही स्वच्छ दिसला तरी वापरू नये.

सातपुड्याची_वाट (शहादा)

तापलेल्या ब्रेकचा विषय निघाला म्हणून माझा प्रसंग सांगतो, कारण त्या दिवशी मीही त्याला गळतीच समजलो होतो. तोरणमाळहून उतरताना मी गाडी बराच वेळ चौथ्या गिअरमध्ये ठेवली आणि वळणावळणाला ब्रेक दाबत राहिलो. अर्ध्या वाटेवर पेडल एकदम स्पंजासारखे झाले, मग तळाला टेकले. भराभर पाच-सहा वेळा पंप केल्यावर थोडा ब्रेक आला. तिसरा, मग दुसरा गिअर टाकत आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला लावली. खाली वाकून पाहिले तर चाके कोरडी, डबी भरलेली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले. तेव्हा मला काहीच उमगले नाही.

नंतर कळले, की माझे ऑइल पाच वर्षे बदललेले नव्हते. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो, पण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ इतके खाली आले तरी मानकाला चालतात. माझे ऑइल उकळले आणि नळीत वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते आणि पेडल नुसतेच खाली जाते. चढताना जो गिअर लागला, तोच उतरताना ठेवायचा हे वडील नेहमी सांगत. त्या दिवसापासून मी ते एकदाही मोडलेले नाही.

तापीकाठ (भुसावळ)

म्हणजे ढोबळ खूण अशी धरता येईल का, की पातळी उतरली आणि पेडलही गेले तर गळती. पातळी आहे तशी आणि गार झाल्यावर पेडल परत आले तर वाफ. पातळी आहे तशी पण गार असतानाही पेडल बुडते तर मास्टर सिलिंडर?

पांझरातीर (धुळे)

होय, तपासाची सुरुवात करायला ही विभागणी उत्तम आहे. आत हवा राहिली असेल तरी पेडल स्पंजासारखे लागते, तेवढे एक चौथे लक्षात असू द्या.

खडू_फळा (अमळनेर)

मी गाड्यांमधला जाणकार नाही, विज्ञान शिकवतो. पण पहिल्यापासून धागा वाचताना मूळ प्रश्नातील एक वाक्य मनात अडकले आहे. गिरणाथडी यांनी लिहिले होते, की पातळी दरवेळी जवळपास त्याच ठिकाणी येऊन थांबते. ब्रेकच्या नळ्या डबीच्या तळाशी जोडलेल्या असतील, तर तिथून होणारी गळती एखाद्या ठरावीक उंचीवर थांबण्याचे कारण नाही. ती डबी रिकामी करेल. पाण्याच्या टाकीला मधल्या उंचीवर तोटी असेल आणि ती गळत असेल, तरच पाणी तोटीपर्यंत उतरून थांबते. आपल्या डबीला मधल्या उंचीवर एखादी तिसरी नळी जोडलेली आहे का, ते पाहाल का?

पांझरातीर (धुळे)

सर, आपण माझे डोळे उघडलेत. मी इतके दिवस फक्त ब्रेकचाच विचार करत होतो.

गिरणाथडी, तुमच्या गाडीचा क्लच तारेवर चालतो की ऑइलवर? ऑइलवर असेल, तर पुष्कळ गाड्यांमध्ये त्याचे ऑइल याच डबीतून जाते. तशा डब्यांत क्लचची नळी मुद्दाम वरच्या अंगाला दिलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकच्या वाट्याचे ऑइल खाली शिल्लक राहते. डबी भरण्याच्या सुमारास पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना अडत होता का? क्लचचे पेडल कधी सैल वाटले का? आणि चालकाच्या पायाखालची चटई उचलून, पेडलच्या मागच्या भिंतीला आणि खालच्या गालिच्याला हात लावून पाहा. क्लचच्या मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले असेल, तर ऑइल पेडलच्या दांडीवरून गाडीच्या आत उतरते. बाहेर कितीही पुठ्ठे पसरले, तरी ते सापडणार नाही.

गिरणाथडी (चाळीसगाव)

डबीच्या बाजूला, खालच्या रेघेच्या थोडे खाली, एक काळी रबरी नळी आहे आणि ती क्लचकडेच जाते. चटईखालचा गालिचा हाताला ओला आणि तुळतुळीत लागला. क्लचच्या पेडलची दांडी वरपासून ओली आहे. सकाळी रिव्हर्स टाकताना गिअर करकरत असे, डबी भरल्यावर एक-दोन दिवसांत ते थांबत असे. या दोन गोष्टींचा संबंध असेल असे मला कधीही वाटले नव्हते, म्हणून मी ते लिहिलेही नाही.

गालिच्यातील ओल ब्रेक ऑइलचीच आहे याची खात्री कशी करावी?

खडू_फळा (अमळनेर)

काचेच्या पेल्यात पाणी घेऊन, त्या ओलीत बुडवलेला कापूस त्यात पिळा. ग्लायकॉलचे ऑइल पाण्यात विरघळते. इंजिनाचे किंवा गिअरचे तेल पाण्यावर तवंग धरते. कापूस हाताळताना हातमोजे घाला, तो पेला पुन्हा घरात वापरू नका आणि पाणी अंगणात, जिथे गुरे किंवा कुत्री तोंड घालतील अशा ठिकाणी ओतू नका. हे द्रव विषारी आहे.

गिरणाथडी (चाळीसगाव)

विरघळले. तवंग नाही. ठरल्याप्रमाणे मास्टर सिलिंडरही पुढे ओढून पाहिला, त्याचे मागचे तोंड कोरडे ठणठणीत आहे.

खानदेशी_अभियंता (जळगाव)

माझा बूस्टरचा अंदाज चुकला आणि चाचणीही मी चुकीची सांगितली होती; पांझरातीर यांनी वेळीच दुरुस्त केले याबद्दल त्यांचे आभार. आता एक विचारतो. ब्रेकच्या वाट्याचे ऑइल सुरक्षित होते, मग गाडी घाटात नेली असती तरी चालले असते का?

पांझरातीर (धुळे)

नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर उतरायचे आणि क्लच सुटत नसेल, तर गिअर बदलता येणार नाही. मग सगळा भार ब्रेकवर. ओले झालेले पेडल आणि गालिचा यांवरून पाय घसरतो, तो धोका वेगळाच. शिवाय पातळी आधीच खाली असताना ब्रेकचीही एखादी गळती सुरू झाली, तर हाताशी उरलेले ऑइल फार थोडे. गाडीच्या ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग केलेले असतात, तुमच्यासारख्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत बहुधा तिरपे, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे एकत्र. एक भाग गेला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, पण पेडल खोल जाते आणि थांबायला अंतर फार लागते. तेवढे अंतर घाटाच्या वळणावर मिळत नाही.

रावेरची_वाडी (रावेर)

दुरुस्तीला गाडी खाली उघडलेली असेलच, तर नळ्यांचे क्लॅम्प सोडून खालचा भाग नक्की पाहून घ्या. माझी कळकळीची विनंती आहे.

गिरणाथडी (चाळीसगाव)

आठ दिवसांनी लिहितो आहे. क्लचचा मास्टर सिलिंडर नवा बसवला. किट टाकून जुनाच वापरण्याचा पर्याय होता, पण आत गंजाची रेघ दिसली, तेव्हा पांझरातीर यांचे व्हील सिलिंडरविषयीचे वाक्य आठवले. गालिचा काढून धुतला, उन्हात वाळवला. क्लॅम्प सोडून नळ्या पाहिल्या, त्या चांगल्या आहेत. घासून, रंगाचा हात देऊन परत बसवल्या. पुढच्या उजव्या होजला मात्र वळणाच्या जागी बारीक भेगा होत्या. तो गळत नव्हता, तरी दोन्ही बाजूंचे होज बदलून घेतले. मिस्त्रींच्या मते पूर्वी कुणीतरी पॅड बदलताना कॅलिपर होजवरच लटकत ठेवला असावा. तो नेहमी तारेने वर बांधून ठेवायचा असतो, हे मला नव्याने समजले.

मग संपूर्ण ऑइल बदलले. जुने ऑइल चहासारखे झाले होते. हवा काढताना पेडल दाबायला माझी मुलगी बसली. मिस्त्री "दाबा" म्हणाले की तिने दाबून धरायचे, त्यांनी निप्पल (चाकाजवळचा हवा काढण्याचा छोटा स्क्रू) सोडून पुन्हा आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, आणि प्रत्येक चाकानंतर डबीची पातळी मी पाहायची. पेडल तळापर्यंत नेऊ नये म्हणून मिस्त्रींनी खाली लाकडाची फळी ठेवली होती. त्याचे कारण विचारायचे राहून गेले.

पांझरातीर (धुळे)

तुमचे मिस्त्री जाणते आहेत, त्यांना सोडू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन वरच्या अर्ध्या भागातच फिरतो. खालच्या न वापरलेल्या भागात गंज आणि कचरा बसलेला असतो. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबले, तर सील त्या कचऱ्यावर घासून फाटते आणि धडधाकट सिलिंडर हवा काढता काढता खराब होतो. निप्पलवर रबरी टोपी बसवली आहे ना, तेवढे पाहा. ती नसेल तर माती आत बसून पुढच्या वेळी निप्पल सुटतच नाही, तुटते. पुढचा ऑइलबदल दोन वर्षांनी.

गिरणाथडी (चाळीसगाव)

टोप्या चारही आहेत. काल आईला भाड्याच्या गाडीने नेऊन आणले, कारण दुरुस्तीनंतर मला आधी एकट्याने गाडी चालवून पाहायची होती. आज पहाटे एकटाच कन्नडपर्यंत जाऊन आलो, उतरताना दुसरा गिअर ठेवला. घरी आल्यावर इंजिन गार होऊ दिले आणि बोनेट उघडले. पातळी चिकटपट्टीवरच आहे. पुढच्या महिन्यात आई आपल्याच गाडीतून येईल.

विहीर_आणि_रहाट (पारोळा)

नमस्कार. उशिरा लिहितो आहे. माझ्या गाडीतही ऑइल कमी होते, पण क्लच तारेवर आहे आणि चटई कोरडी आहे. दोन्ही मागचे टायर आतून कोरडे, पुढच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला मात्र ओली धूळ आहे. आत्ताच पॅड आणि होज बदलून घेतले होते.

पांझरातीर (धुळे)

होज कॅलिपरला जिथे बोल्टने जोडतात, तिथे दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. ते एकदाच दाबून बसतात, म्हणून दरवेळी नवे घालायचे असतात. जुनेच घातले आहेत का, ते आजच विचारा, आणि तोपर्यंत गाडी हलवू नका. मिस्त्रींना घरी बोलवा.

विहीर_आणि_रहाट (पारोळा)

जुनेच घातले होते. मिस्त्री नवे वायसर घेऊन संध्याकाळी येत आहेत.